सवत, शिशुपाल आणि शर्मिष्ठा: आपल्या प्रेमत्रिकोणाचा इतिहास

(हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. लव्ह ट्रँगल. प्रेमाचा त्रिकोण. एक ती आणि दोन ते, किंवा एक तो आणि दोन त्या.

खरं सांगतो, मी सोपा एपिसोड करणार होतो. पाच कादंबऱ्या, पाच सिनेमे, थोडी मजा, संपलं. स्क्रिप्ट अर्धी लिहूनसुद्धा झाली होती. मग दिवाळीला घरी गेलो आणि सगळी स्क्रिप्ट डिलीट केली.

मी शहाद्याचा. नंदुरबार जिल्हा. पुण्यात कोड लिहितो, वर्षातून तीन-चार वेळा घरी जातो. या दिवाळीला माळ्यावरची पेटी उतरवली, तर त्यात आजीची पुस्तकं निघाली. सगळ्यात वर वि. स. खांडेकरांची 'ययाति', खाकी कागदाचं कव्हर घातलेली, पानं पिवळी पडलेली. मी म्हटलं, "आजी, हा तर लव्ह ट्रँगल ना गं?"

"ते काय र्‍हास?"

मी समजावलं. एक पुरुष, दोन बायका, दोघी त्याच्या आयुष्यात, मग भांडणं, अश्रू, वगैरे. आजी हसली. म्हणाली, आपल्या घरात होतं की हे. आणि मग अहिराणीत एक वाक्य म्हणाली, ज्यामुळे हा एपिसोड बदलला: "तठे पिरेम बिरेम काय नव्हतं भाऊ. दोन चुली व्हत्यात."

तिथे प्रेम वगैरे काही नव्हतं. दोन चुली होत्या.

झालं असं की माझ्या पणजोबांना दोन बायका होत्या. पहिलीला मूल झालं नाही म्हणून १९३० च्या दशकात त्यांनी दुसरं लग्न केलं. आजी या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला दोन सासवा होत्या. एक मोठी माय, एक धाकली माय. धाकली माय माझी पणजी. मोठी माय कोण होती, हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

परत येताना रात्रीच्या गाडीत मला एकच प्रश्न पडला. आपल्या भाषेत 'सवत' हा शब्द शेकडो वर्षांपासून आहे. ओवीत आहे, म्हणीत आहे, शिवीतही आहे. मग 'प्रेमाचा त्रिकोण' ही गोष्ट आपल्या कादंबरीत इतक्या उशिरा का आली? आणि ती आली तेव्हा नेमकं काय बदललं होतं?

त्रिकोण होण्यासाठी काय लागतं?

आधी व्याख्या करून घेऊ, इंजिनिअरची सवय आहे. तीन माणसं असली म्हणजे त्रिकोण होत नाही. पणजोबांच्या घरात तीन माणसं होती. त्रिकोणाला अजून एक गोष्ट लागते, ती म्हणजे निवड. मधल्या माणसाला दोन वाटा दिसल्या पाहिजेत आणि त्यातली एक नाकारता आली पाहिजे. 'नाही' म्हणायची सोय नसेल तर सस्पेन्सच नाही. पुढचं पान कोण उलटणार?

रने जिरार नावाचे एक फ्रेंच विचारवंत होते. १९६१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात ते म्हणतात की माणसाची इच्छा सरळ रेषेत जात नाही, ती त्रिकोणात जाते. दुसऱ्या कुणाला एखादी गोष्ट हवी आहे हे दिसलं की ती आपल्यालाही हवीशी वाटायला लागते. युरोपातल्या मोठमोठ्या कादंबऱ्या त्यांनी या नजरेने वाचून दाखवल्या. 'ट्वायलाइट' आल्यावर जगभरच्या मुली टीम एडवर्ड आणि टीम जेकब अशा वाटल्या गेल्या, ते याच यंत्रावर चाललं होतं.

पण जिरार यांच्या सिद्धांतात दोघांची स्पर्धा महत्त्वाची. ज्या तिसऱ्या माणसासाठी स्पर्धा चालू आहे त्याला काय हवंय, हा प्रश्न मागे राहतो. आपल्याकडे मात्र सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो. कसा, ते बघू.

१८६८ सालची एक तक्रार

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. साल १८५७. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत तिला विधवा बायकांची दुःखं दिसत जातात. पुस्तक सुधारणेचं आहे, प्रेमाची गुंतागुंत त्यात शोधू नका. एक वर्ष आधीच, १८५६ मध्ये, विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. चर्चा त्याची होती.

मग आल्या अद्भुत कादंबऱ्या. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला', १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, कारस्थानं, योगायोग. आज वाचायला घेतलं तर गेमची स्टोरीलाइन वाटेल.

पण 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक फार प्रामाणिक गोष्ट कबूल केली आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर ते म्हणतात: आपल्या लोकांची लग्नाची रीत आणि एकूण राहणी अशी आहे की त्यात रंजक असं काही घडतच नाही. रोजचं आयुष्य लिहिलं तर कुणी वाचणार नाही. म्हणून आम्हाला अद्भुताकडे जावं लागतं.

हे जरा थांबून ऐका. एक लेखक सांगतोय की माझ्याकडे प्रेमकथेसाठी कच्चा मालच नाही. आणि त्याचं बरोबर आहे! मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होत असेल तर ती कुणाच्या प्रेमात पडणार कधी? दोघांपैकी एकाला निवडणार कधी? निवडायचं वय येण्याआधीच निवड झालेली असते, आणि ती दुसऱ्यांनी केलेली असते. म्हणून मराठी कादंबरीच्या पहिल्या नायिका राजकन्या आहेत. सोळा-अठरा वर्षांची, बिनलग्नाची, स्वतःचं मत असलेली मुलगी कल्पनेतल्या राज्यातच सापडत होती.

रंगमंचावर आधी

कादंबरी अडली होती तेव्हा नाटकाने रस्ता काढला. पुराणाचा.

१८८२ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' आलं. सुभद्रेला अर्जुन हवाय. मोठा भाऊ बलराम तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवून बसलाय. धाकटा भाऊ कृष्ण गुपचूप सूत्रं हलवतोय आणि अर्जुन संन्याशाच्या वेषात घरात शिरलाय. त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसमोर एक मुलगी उभी राहून गाण्यातून सांगतेय की मला हा नको, तो हवा. समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरात असं वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. पण सुभद्रा देवाची बहीण, त्यामुळे चालून गेलं.

एक गंमत बघा. नाटक आपल्याला अर्जुन, सुभद्रा, दुर्योधन असा त्रिकोण दाखवतं. पण अर्जुनाचं लग्न आधीच झालेलं आहे! द्रौपदीला या सगळ्याबद्दल काय वाटत असेल, हा प्रश्न नाटक मनावर घेत नाही. म्हणजे मुलीने दोन पुरुषांमधून निवडणं हा रोमान्स, आणि पुरुषाने दुसरी बायको करणं हा साधा रिवाज. द्रौपदी डोक्यात ठेवा, ती परत येणार आहे.

खाडिलकरांनी हाच धागा पुढे नेला. १९११ चं 'संगीत मानापमान': भामिनी श्रीमंताची मुलगी, एकीकडे गरीब पण शूर धैर्यधर, दुसरीकडे पैसेवाला आणि भित्रा लक्ष्मीधर. भामिनी आधी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते आणि नंतर स्वतः वेष बदलून त्याला पारखते. भामिनीचं काम बालगंधर्व करायचे. २०२५ च्या जानेवारीत सुबोध भावे यांचा 'संगीत मानापमान' सिनेमा आला तो याच नाटकावरून. १९१६ मध्ये 'संगीत स्वयंवर' आलं: रुक्मिणी, कृष्ण आणि शिशुपाल.

रुक्मिणीची गोष्ट तर त्याहून जुनी. एकनाथांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं, आणि चांगला नवरा मिळावा म्हणून लग्नाच्या मुलींनी त्याची पारायणं करायची, ही पद्धत आजही अनेक घरांत आहे. त्या पोथीत काय आहे आठवा. भावाने ठरवलेलं स्थळ मुलीला नको आहे, ती आपल्या आवडीच्या पुरुषाला पत्र पाठवते आणि त्याच्याबरोबर पळून जाते. जी आई मुलीच्या हातात ही पोथी देते, तीच आई मुलीचा फोन चेक करते. आपण मजेशीर लोक आहोत.

आणि त्याच १९१६ सालचं देवलांचं 'संशयकल्लोळ'. याचं मूळ फ्रेंच, मोलिएरच्या १६६० च्या एका प्रहसनात, इंग्रजीतून फिरून ते आपल्याकडे आलं. एक फोटो चुकीच्या हातात पडतो आणि चार माणसं आपापल्या डोक्यात त्रिकोण रंगवत बसतात. प्रत्यक्षात त्रिकोण नसतोच. आजच्या भाषेत, एक स्क्रीनशॉट फिरतो आणि दोन नाती संपता संपता वाचतात. शंभर वर्षं झाली, बग तोच आहे.

त्याच वेळी खऱ्या घरांत

आता रंगमंचावरून खाली उतरू. 'सौभद्र' आल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत एक खटला उभा राहिला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं होतं. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या. नवऱ्याने कोर्टात जाऊन मागणी केली की बायकोने नांदायला यावं. रखमाबाईंचं उत्तर होतं की हे लग्न माझ्या संमतीने झालेलं नाही, मी जाणार नाही. १८८७ मध्ये निकाल लागला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये पैशांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि बरीच वर्षं सुरतेला काम केलं. आमच्या नंदुरबारहून रेल्वे थेट जाते ते सुरत.

या प्रकरणात दुसरा पुरुष कुणीही नव्हता. तरी अख्खा समाज हादरला. रंगमंचावर सुभद्रा 'नाही' म्हणाली तर टाळ्या, आणि मुंबईत रखमाबाई 'नाही' म्हणाल्या तर तुरुंगाची धमकी. 'नाही' हा शब्द खऱ्या आयुष्यात किती महाग होता, त्याचा हा हिशेब.

पुरुषाला मात्र हा प्रश्न नव्हता. त्याला निवडायची वेळच येत नव्हती, कारण दोन्ही ठेवता येत होत्या. हिंदू पुरुषाने दुसरं लग्न करणं कायद्याने गुन्हा नव्हता. दोन नोड्स, दोन्ही कनेक्टेड, एरर नाही. आता पणजोबांच्या दोन चुली समजल्या का? आजी बरोबर म्हणत होती. तिथे त्रिकोण नव्हता, तिथे व्यवस्था होती.

कॉलेज नावाची जागा

कादंबरीत खरा त्रिकोण यायला दोन गोष्टी बदलाव्या लागल्या: वय आणि जागा.

१९१६ मध्ये कर्व्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजांत मुली दिसायला लागल्या. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला, मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं. कायदा किती पाळला गेला हा वेगळा विषय. पण शहरातल्या मध्यमवर्गात आता अठरा-वीस वर्षांची, शिकणारी, बिनलग्नाची मुलगी खरंच अस्तित्वात होती. रिसबुडांना जो कच्चा माल मिळत नव्हता तो आला.

आणि ना. सी. फडके आले. 'जादूगार' १९२८, 'दौलत' १९२९. फडके स्वतः प्राध्यापक. त्यांच्या कादंबऱ्यांत सुशिक्षित तरुण-तरुणी, बंगले, सहली, गैरसमज, एकीवर दोघांचं प्रेम. 'कलेसाठी कला' हा त्यांचा झेंडा. समोर 'जीवनासाठी कला' म्हणणारे खांडेकर, कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे. शाळेत हा वाद आपण परीक्षेपुरता पाठ केला. पण दोघांच्या गोष्टींत प्रेमात पडायची मोकळीक असलेली पात्रं आहेत, आणि दोघांना वाचणारी तरुण पिढीही तीच होती.

मात्र सगळ्यात मोठा धक्का दिला तो एका टोपणनावाने. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यात आतून लिहिलं होतं. महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही बाई कोण, की हा पुरुष आहे, याचीच चर्चा. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. पुढच्याच वर्षी त्यांची 'हिंदोळ्यावर' आली: नवऱ्याने टाकलेली एक स्त्री, कायद्याने अजून विवाहित, आणि तिच्या आयुष्यात आलेलं नवं प्रेम. तिला घटस्फोट मिळायची सोय नाही. नवऱ्याने दुसरी केली तर तो संसारी, तिने दुसरा निवडला तर ती बदनाम. मराठीत त्रिकोणाचा तिसरा कोपरा कायदा असू शकतो, हे इथे दिसलं.

आणि बरोबर याच सुमारास, तिकडे पुण्यात 'कळ्यांचे निःश्वास' वरून वाद पेटलेले असताना, इकडे तापीकाठी माझ्या पणजोबांच्या दारात दुसऱ्या लग्नाचा मांडव पडत होता. एकाच भाषेत, एकाच दशकात.

कायदा येतो

१९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली. १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये, म्हणजे आपला प्रांत जवळजवळ नऊ वर्षं पुढे होता.

लोकांनी निमूट मान्य केलं का? नाही. 'मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी' हा १९५१ चा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. त्यात १९४६ च्या कायद्यालाच आव्हान होतं. एक मुद्दा असा होता की हिंदू धर्मात मुलगा असणं महत्त्वाचं, मग पहिलीला मुलगा नसेल तर दुसरं लग्न नको का? मुख्य न्यायमूर्ती छागलांनी दाखवून दिलं की मुलगा हवा असेल तर दत्तक घ्यायची वाट त्याच धर्मात आहे. कायदा टिकला. मी हे वाचलं तेव्हा मोठी माय आठवली, जिला मी कधी पाहिलंही नाही. दत्तकाची वाट तिच्या वेळीही होती. कुणी त्या वाटेने गेलं नाही.

इथे माझ्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळजवळ ७० टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांत बहुतेकांची लग्नं आणि काडीमोड समाजाच्या रूढीने चालतात. भिल्ल, पावरा समाजांत मुलीच्या बापाला मूल्य देऊन लग्न करायची पद्धत आहे, आणि बाईने नवरा सोडून दुसरं घर केलं तर पंच बसतात, आधी दिलेल्या पैशांचा हिशेब होतो आणि विषय मिटतो. मी त्या समाजातला नाही, त्यामुळे हे चांगलं की वाईट हे सांगणारा मी कोण. हिशेब बाईच्या नावाने पण पुरुषांमध्ये होतो, हेही खरं. पण ज्या गोष्टीसाठी 'हिंदोळ्यावर'च्या नायिकेला समाज माफ करत नाही, त्या गोष्टीची वाट सातपुड्यात पंचांसमोर निघत होती. 'सुधारलेलं' कोण आणि 'मागासलेलं' कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

आणि भोंगऱ्या! होळीच्या आधीचा आमच्याकडचा मोठा बाजार. बाहेरचे रिपोर्टर येतात, ढोल ऐकतात, रंगीत कपडे बघतात आणि हेडिंग देतात की इथे मुलंमुली जोडीदार पळवतात. आदिवासी संघटना सांगून थकल्या की हा होळीच्या सामानाचा बाजार आहे, लग्नाचा नाही. म्हणजे ज्यांची गोष्ट आहे त्यांना न विचारता कुणीतरी त्यांच्यावर रोमान्स लिहून टाकला. हेही डोक्यात ठेवा. द्रौपदीच्या शेजारी.

देवयानीचं पान

आता पेटीतल्या पुस्तकाकडे. 'ययाति' आली १९५९ मध्ये, हिंदू विवाह कायद्यानंतर चार वर्षांनी. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाला, मराठीतला पहिला.

गोष्ट महाभारतातली. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि राजकन्या शर्मिष्ठा यांचं भांडण होतं, शर्मिष्ठेला देवयानीची दासी व्हावं लागतं. ययाति राजा देवयानीशी लग्न करतो आणि पुढे शर्मिष्ठेकडे ओढला जातो. महाभारतात ही वंशाची कथा आहे. कोणाला कोणते मुलगे झाले, राज्य कुणाला मिळालं. खांडेकरांनी काय केलं, तर तिघांनाही 'मी' दिला. कादंबरीत आळीपाळीने ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. तीच घटना, तीन तोंडून.

आमच्या पिढीला ही गोष्ट साधी वाटेल, हल्ली प्रत्येक वेबसिरीजमध्ये असतं. पण इतिहासाच्या रेषेवर ठेवून बघा. 'सौभद्र'मध्ये द्रौपदीला काय वाटतं हे विचारलं जात नाही. सत्याहत्तर वर्षांनी आलेल्या 'ययाति'त आधीच्या बायकोला स्वतःची प्रकरणं मिळतात. ती गोड नाही, अहंकारी आहे, चिडते, चुकते. तरी तिचं म्हणणं तिच्याच तोंडून येतं. सवत म्हणून जिची ओळख एका शब्दात संपायची, तिला पानं मिळाली.

बहुतेक वाचक शर्मिष्ठेच्या बाजूचे असतात. कादंबरीचाही कल तिच्याकडेच आहे. मी आजीला विचारलं, तू कोणाच्या बाजूची? ती क्षणभरही न थांबता म्हणाली, देवयानीच्या. मी चकित. का गं? तर म्हणाली, मोठी माय अशीच होती. खडूस. कुणाशी गोड बोलायची नाही. मिरची स्वतःची स्वतः कुटायची, धाकलीच्या हातची भाजी खायची नाही. सगळे म्हणायचे, स्वभावच वाईट. आजी म्हणाली, मी पण तसंच समजायचे. मग हे पुस्तक वाचलं आणि वाटलं, हिला कुणी विचारलं होतं का?

मंडळी, माझी आजी सातवी शिकलेली आहे. जिरार तिने वाचलेला नाही.

मग पुढे?

पुढचं भराभर सांगतो. साठच्या दशकात त्रिकोण सगळीकडे पोहोचला. मासिकं, दिवाळी अंक, वाचनालयात झिजून गेलेल्या कादंबऱ्या. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली: एक कवी आणि त्याच्या आयुष्यातल्या तीन स्त्रिया. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हायकोर्टाने दोषी ठरवलं, पण १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने काकोडकरांना निर्दोष सोडलं. कोर्टाचं म्हणणं साधारण असं होतं की समाजाच्या कल्पना बदलत असतात आणि लैंगिकतेचा उल्लेख असलेली प्रत्येक गोष्ट अश्लील ठरवली तर धार्मिक सोडून कुठलीच पुस्तकं विकता येणार नाहीत. त्याच वर्षी काकोडकरांच्याच 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला आणि तुफान चालला.

२०१६ च्या 'सैराट'मध्ये तर दुसरा प्रियकर नाहीच. आर्ची आणि परशा, आणि तिसऱ्या कोपऱ्यात जात. रिसबुडांच्या काळात मुलीला निवडता येत नव्हतं म्हणून गोष्ट होत नव्हती. 'सैराट'मध्ये तिने निवडलं, म्हणून गोष्ट संपवली गेली. मधे दीडशे वर्षं गेली आहेत.

आणि एक गोष्ट आपल्या मुलांसाठी, म्हणजे माझ्यासाठीसुद्धा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी स्वतःला एका त्रिकोणातला हिरो समजत होतो. ती, मी आणि तिचा एक मित्र. दोन वर्षं मी त्या मित्रावर मनातल्या मनात जळलो. मित्रांनी मला साथ दिली, गाणी पाठवली. नंतर लक्षात आलं की तिने मला पहिल्याच महिन्यात स्पष्ट 'नाही' सांगितलं होतं. त्रिकोण नव्हताच. माझ्या गोष्टीत मी दोन पुरुषांना डायलॉग दिले होते आणि तिचा एकमेव डायलॉग एडिट करून टाकला होता. त्या गोष्टीतला शिशुपाल मीच होतो. मोठी मायच्या वेळी 'नाही'ला किंमत नव्हती कारण कायदा तसा होता. माझ्या वेळी कायदा बदलला होता, तरी मी ते ऐकलं नाही. याची लाज वाटते, म्हणून सांगून टाकलं.

तर माझं म्हणणं एवढंच. प्रेमाचा त्रिकोण म्हणजे कोण कोणाला मिळालं याची गोष्ट, असं आपण समजतो. मला तो 'नाही' म्हणता येण्याची आणि ते ऐकलं जाण्याची गोष्ट वाटतो. पुढच्या वेळी असा सिनेमा बघाल, कादंबरी वाचाल, तेव्हा हिरो कोण ते नंतर ठरवा. आधी बघा, तिघांपैकी कोणाला पानं मिळालेली नाहीत.

निघायच्या दिवशी मी आजीला विचारलं, मोठी मायचं नाव काय होतं? मला वाटलं ती विसरली असेल. ती म्हणाली, "सरस्वती." मग थोडं थांबून म्हणाली, पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

मी ते नाव फोनमध्ये लिहून ठेवलंय.

तुमच्याही घरात अशी एखादी मोठी, धाकली, अमक्याची पहिली, तमक्याची दुसरी असेल. आजी-आजोबा आहेत तोवर तिचं नाव विचारून घ्या. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या, ऐकत राहा.